लहान मुलाचा हात मोडला तर: पडल्यापासून प्लास्टर निघेपर्यंत

मे महिन्यात आम्ही माझ्या माहेरी, कराडजवळच्या गावी होतो. परसातल्या पेरूच्या झाडावरून लेक पडली. साडेसात वर्षांची. मी पलीकडे लोणच्याच्या कैऱ्या फोडत बसले होते. ती चालत आली, रडतही नव्हती. उजव्या हातात डावा हात धरलेला आणि मनगटाच्या चार बोटं वर तो हात पळीसारखा वाकलेला.

त्यानंतर सहा आठवडे प्लास्टर, तीन डॉक्टर आणि वर्षभरात मिळून सात एक्स-रे झाले. या सगळ्यात जे आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, ते इथे क्रमाने लिहिते. मी डॉक्टर नाही. पण दर भेटीला वही घेऊन जायचे, कळलं नाही की पुन्हा विचारायचे आणि घरी आल्यावर लिहून ठेवायचे. तुमच्या मुलाच्या हाताचा निर्णय त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांचाच. फक्त त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं हे तुम्हाला ठाऊक असावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

आधी हाडाबद्दल थोडं

कोपर ते मनगट या भागात दोन हाडं असतात. अंगठ्याच्या बाजूला रेडियस, करंगळीच्या बाजूला अल्ना. हात उताणा-पालथा करताना रेडियस अल्नाभोवती फिरतं, म्हणून या दोघांचा सरळपणा आणि त्यांच्यामधली फट दोन्ही जपावं लागतं.

शेवग्याची फांदी काडकन मोडते. कडुलिंबाची ओली काडी तशी मोडत नाही. वाकते, एका बाजूने फाटते आणि दुसऱ्या बाजूची साल शाबूत राहते. मोठ्या माणसाचं हाड शेवग्याच्या जातीचं, मुलाचं कडुलिंबाच्या. शिवाय मुलांच्या हाडावरचं आवरण जाड असतं. ते हाड मोडल्यावरही बऱ्याचदा एका बाजूने टिकतं आणि जुळायला मदत करतं.

दुसरी गोष्ट वाढीच्या चकतीची. हाडाच्या टोकाशी कूर्चेची पातळ चकती असते, तिच्यातून हाड लांब होतं. रेडियसची सुमारे ७५ ते ८० टक्के वाढ मनगटाकडच्या चकतीतून होते. हे लक्षात ठेवा, उपचार ठरवताना परत याच्याशी गाठ पडणार आहे.

१. पहिली पंधरा मिनिटं

हात ओढून सरळ करू नका. आहे त्या स्थितीत आधार द्या. आम्ही जुनं मासिक पन्हाळीसारखं वाकवून हाताखाली ठेवलं, ओढणीने सैलसर गुंडाळलं आणि दुसऱ्या ओढणीची झोळी करून गळ्यात अडकवली.

बांगडी, अंगठी, घड्याळ, मनगटावरचा काळा दोरा लगेच काढा किंवा कापा. अर्ध्या तासात सूज आली की तोच दोरा फास होतो.

बोटं बघा. गुलाबी आणि उबदार आहेत का? हलतात का? हात लावलेला कळतो का? हे वेळेसह मोबाइलमध्ये टिपून ठेवा, डॉक्टर विचारतातच.

मोडलेल्या जागी जखम असेल, अगदी सुईच्या टोकाएवढी असली आणि तिच्यातून रक्त झिरपत असलं, तरी हाड आतून कातडीला भोक पाडून गेलेलं असू शकतं. त्यावर हळद नको, चहापूड नको, मलम नको. स्वच्छ कापड ठेवायचं आणि थेट मोठं रुग्णालय गाठायचं. अशा फ्रॅक्चरला अँटिबायोटिक शक्य तितक्या लवकर सुरू व्हावं लागतं. गाडीची सोय नसेल तर १०८ ला फोन करा.

आता माझी चूक. आईने नातीला घाबरलेली बघून साखर घातलेलं कपभर दूध पाजलं आणि मी बघत राहिले. हाड बसवायला भूल द्यायची असेल तर पोट रिकामं लागतं: जेवण आणि वरच्या दुधानंतर साधारण सहा तास, साध्या पाण्यानंतर दोन. त्या एका कपासाठी लेक संध्याकाळभर वाकडा हात घेऊन पडून राहिली. तेव्हा हात वाकडा दिसत असेल तर डॉक्टर सांगेपर्यंत तोंडात काही नाही. ग्लुकोजचं बिस्किटसुद्धा नाही.

दुखण्यावर पॅरासिटामॉल चालतं, पण कधी आणि किती हे डॉक्टरांना फोनवर विचारून. मात्रा वयावर नाही, वजनावर ठरते: एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. सिरप घेताना बाटली नीट वाचा. एकाच नावाचं औषध ५ मिलीमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅमचं मिळतं आणि २५० चंही. मुलाला अ‍ॅस्पिरिन देऊ नका.

२. कुठे न्यायचं, कुठे नाही

आमच्या ओसरीवर पाच मिनिटांत सात माणसं जमली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "एवढं काय घाबरतीस गं? पलीकडच्या गावात हाय की हाडवैद्य. दोन कामट्या बांधल्या की बसतंय हाड." माझा भाऊ शहाणा. वाद न घालता म्हणाला, "काकू, आधी फोटो तर काढू. मग बघू." गावाकडे एक्स-रेला फोटोच म्हणतात. तुमच्यावर अशी वेळ आली तर हेच वाक्य वापरा. कोणाचा अपमानही होत नाही आणि गाडी निघते.

हाडवैद्याकडून बरे झालेले हात सगळ्यांना आठवतात. त्यातले बरेच असे असतात की नुसती झोळी बांधली असती तरी बरे झाले असते. ताज्या मोडलेल्या हाताला कामट्यांनी आवळून पट्टी बांधली आणि आत सूज वाढली, की स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो. काही तासांत स्नायू मरायला लागतात आणि पुढे बोटं आखडून पंजा वाकडा होतो. फोल्कमान नावाच्या जर्मन सर्जनने १८८१ साली याचं वर्णन केलं, आजही तो विकार त्याच्याच नावाने ओळखतात. आपल्याकडच्या हाडांच्या वॉर्डात घट्ट पट्टीने असे झालेले हात अजूनही येतात.

मग कुठे? हात सरळ दिसतो, फक्त दुखतो आणि थोडा सुजलाय, तर एक्स-रेची सोय असलेला जवळचा हाडांचा दवाखाना पुरेसा. हात उघड वाकडा असेल तर अशा ठिकाणी जा जिथे तीन गोष्टी एका छताखाली आहेत: हाडांचे सर्जन, भूलतज्ज्ञ आणि ऑपरेशन थिएटरमधलं सी-आर्म, म्हणजे हाड बसवताना पडद्यावर दाखवणारं एक्स-रे यंत्र. निघण्याआधी फोन करून विचारा. आम्ही विचारलं नाही, म्हणून पहिल्या दवाखान्यातला दीड तास फुकट गेला.

दोन-तीन वर्षांच्या मुलाला हाताला धरून वर उचललं किंवा झटका दिला आणि लगेच हात लुळा पडला, तर बहुधा फ्रॅक्चर नसतं. कोपराशी रेडियसचं डोकं किंचित निसटलेलं असतं. डॉक्टर ते मिनिटभरात बसवतात आणि अनेकदा एक्स-रेही लागत नाही. पण पडल्याचा जरा जरी संशय असेल तर तसं सांगा.

३. सोबत काय घ्यायचं

- मुलाचं आणि तुमचं आधार कार्ड, शिधापत्रिका
- आरोग्य विम्याचं कार्ड किंवा पॉलिसीचा क्रमांक
- लसीकरणाचं कार्ड, धनुर्वाताची लस कधी झाली ते बघायला
- चालू औषधं, अ‍ॅलर्जी, आधी कधी भूल दिली असल्यास त्याचे कागद
- मुलाचं वजन
- पुढून बटणं असलेला सैल सदरा. डोक्यातून घालायचा फ्रॉक विसरा
- शेवटचं खाणंपिणं किती वाजता झालं, हे खरं खरं

पैशांबद्दल. नुसतं प्लास्टर घालून घरी सोडलं तर बऱ्याच विमा पॉलिसी ते बाह्यरुग्ण उपचार धरतात आणि पैसे देत नाहीत. भूल देऊन हाड बसवणं मात्र अनेकदा डे-केअरमध्ये बसतं. दाखल होण्याआधीच विमा कंपनीला कळवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतलं रुग्णालय असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला गाठा आणि हाच उपचार योजनेत येतो का, हे थिएटरच्या आधी विचारा.

हात कसा मोडला, हे तुम्हाला तीन-तीनदा विचारतील. मला पहिल्यांदा राग आला. पण मारहाणीतून मोडलेले हात ओळखणं हेही त्यांचं काम आहे. वाहनाचा अपघात असेल तर पोलीस नोंद होईल. शांतपणे, दर वेळी तेच सांगा.

४. एक्स-रे काढताना

हा टप्पा पाच मिनिटांत उरकतो आणि पुढचे सगळे घोटाळे इथेच सुरू होतात.

पहिली अट, दोन दिशांनी दोन फिल्म: एक समोरून, एक बाजूने. समोरून सरळ दिसणारं हाड बाजूने वीस अंशांत वाकलेलं असू शकतं. काठी पाण्यात तिरपी धरली आणि नेमकं वरून बघितलं तर सरळच दिसते, तसं. पहिल्या दवाखान्यात तंत्रज्ञाने "पोरगी रडतीय, एकच घेतो" म्हणत समोरूनच फिल्म काढली. पुढच्या ठिकाणी ती बाजूला ठेवून नव्याने दोन काढाव्या लागल्या.

दुसरी अट, फिल्ममध्ये मनगट आणि कोपर दोन्ही दिसले पाहिजेत. अल्ना मोडून आखूड झालं की कधी कधी रेडियसचं डोकं कोपरातून निखळतं. मिलानच्या मोंतेज्जा या सर्जनने १८१४ मध्ये हा प्रकार नोंदवला. मनगटाकडचीच फिल्म काढली तर नुसतं अल्ना मोडलेलं दिसतं, प्लास्टर घातलं जातं आणि निखळलेलं कोपर काही महिन्यांनी लक्षात येतं. पहिल्या दिवशी जे सोपं असतं ते तेव्हा मोठं ऑपरेशन होऊन बसतं. म्हणून एक प्रश्न पाठ करून ठेवा: "डॉक्टर, एकच हाड मोडलंय म्हणता, मग कोपर आणि मनगट जागेवर आहेत ना?" रेडियसच्या मधून काढलेली सरळ रेघ, दंडाच्या हाडाचं कोपराशी जे गोलसर टोक असतं, त्याच्या मध्यावर जायला हवी, कुठल्याही दिशेची फिल्म असो. आमच्या डॉक्टरांनी पडद्यावर ती रेघ ओढून दाखवली.

किरणांची भीती सगळ्यांनाच असते. माझ्या सासूबाईंनी फोनवर पहिला प्रश्न तोच विचारला. हाताच्या एका एक्स-रेचा डोस साधारण ०.००१ मिलिसिव्हर्ट. जमिनीतून, हवेतून, आकाशातून जगभरात माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट नैसर्गिक किरणोत्सर्ग मिळतो. हिशोब केला तर एक फिल्म म्हणजे तीन-चार तासांचं साधं जगणं. या भीतीपोटी गरजेची फिल्म टाळू नका. मुलाला धरायला आत थांबणाऱ्याने मात्र शिशाचा एप्रन घालावा, आणि गरोदर बाईने आत थांबू नये.

लहान मुलांच्या फिल्मवर हाडाच्या टोकाशी काळ्या रेघा दिसतात. त्या पाहून घाबरू नका आणि व्हॉट्सअ‍ॅपवर नातेवाइकांना तर मुळीच पाठवू नका. त्या वाढीच्या चकत्या. कूर्चा एक्स-रेत दिसत नाही म्हणून तिथे फट वाटते. रेघ आणि फ्रॅक्चर यांत संशय आला तर डॉक्टर कधी कधी दुसऱ्या, चांगल्या हाताचीही फिल्म काढायला सांगतात.

फिल्म आणि सीडी मागून घ्या, वर तारीख आणि "डावा" की "उजवा" हे आहे ना ते बघा. सगळ्या फिल्म एकाच पिशवीत ठेवा.

५. रिपोर्टमधले शब्द

बकल किंवा टोरस: हाड आरपार मोडलेलं नाही, दबून एका जागी फुगलंय. सगळ्यात साधा प्रकार. ब्रिटनमध्ये ९६५ मुलांवर केलेल्या फोर्स नावाच्या अभ्यासात, जो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, मऊ पट्टी बांधलेली मुलं आणि कडक आधार दिलेली मुलं यांच्या दुखण्यात फरक आढळला नाही. तुमच्या मुलाला असं फ्रॅक्चर असेल आणि कोणी कोपरापासून सहा आठवड्यांचं प्लास्टर सुचवलं, तर "पट्ट्याने भागेल का?" असं जरूर विचारा.

ग्रीनस्टिक: ती कडुलिंबाची काडी. दिसायला साधं, पण प्लास्टरमध्येही वाकत जाऊ शकतं.

बोइंग: फिल्मवर भेग कुठेच नाही, हाड मात्र धनुष्यासारखं वाकलेलं. हे नजरेतून सहज सुटतं.

पूर्ण फ्रॅक्चर: तुकडे वेगळे. दोन्ही हाडं मोडली की बहुधा हेच. आमच्याकडे रेडियस पूर्ण मोडलेलं आणि अल्ना ग्रीनस्टिक, अशी मिसळ होती.

सॉल्टर-हॅरिस आणि पुढे एक ते पाचपैकी आकडा: फ्रॅक्चर वाढीच्या चकतीतून गेलंय. दोन क्रमांकाचं सर्वांत जास्त आढळतं आणि सहसा नीट भरतं. पण आकडा कुठलाही असो, पुढच्या तपासण्या चुकवायच्या नाहीत.

६. उपचार कसा ठरतो

इथे पालक सर्वांत जास्त गोंधळतात, कारण एक डॉक्टर म्हणतात "प्लास्टर पुरे" आणि दुसरे म्हणतात "सळया घाला". दोघेही खोटं बोलत नसतात.

मुलांचं वाकडं जुळलेलं हाड वाढता वाढता बरंच सरळ होतं. किती, ते तीन गोष्टींवर. वय: जितकं लहान तितकं जास्त. जागा: मनगटाच्या जवळ असेल तर छान, कारण ती ७५-८० टक्केवाली चकती तिथेच आहे, हाताच्या मध्यावर कमी, कोपराकडे आणखी कमी. दिशा: मनगट ज्या दिशेने वाकतं त्या दिशेचा बाक जास्त सुधारतो. पीळ पडला असेल तर मात्र तो वाढीने सुटेल ही आशा धरायची नाही.

मधल्या भागातल्या फ्रॅक्चरला नऊ-दहा वर्षांच्या आत साधारण १५ अंश, त्यानंतर १० अंशांपर्यंतचा बाक बरेच सर्जन चालवून घेतात. मनगटाजवळ, लहान वयात, याहून जास्तही. हे आकडे पुस्तकापुस्तकात थोडे इकडेतिकडे होतात. म्हणून "किती अंश आहे, आणि या वयाला, या जागी किती चालतो?" एवढंच विचारा. उत्तर अंशांत आलं पाहिजे, "बघू, होईल" असं नाही.

बाक जास्त असेल तर भूल देऊन, कातडी न कापता, हाड ओढून बसवतात आणि प्लास्टर घालतात. बहुतेक मुलांचं एवढ्यावर भागतं. बसवलेलं टिकत नसेल, जखम असेल किंवा मूल बारा-तेराच्या पुढचं असेल तर ऑपरेशनचा विचार होतो: मनगटाजवळ तारा, मधल्या भागात हाडाच्या पोकळीतून लवचिक सळया, वाढ संपत आलेल्या मुलांत प्लेट आणि स्क्रू. तारा तीन-चार आठवड्यांत निघतात. सळया काढायला काही महिन्यांनी पुन्हा भूल द्यावी लागते. तो खर्च पहिल्या अंदाजपत्रकात बहुधा नसतो, तेव्हा विचारून घ्या.

७. हाड बसवण्याचा दिवस

भूलतज्ज्ञांना सर्दी-खोकला, दमा, हलणारा दात हे सगळं सांगा. लेकीचा समोरचा दात हलत होता, मी सांगितलं म्हणून तो आधी काढून माझ्या हातात दिला.

बसवल्यानंतर थिएटरमध्येच फिल्म घेतात. ती दाखवायला सांगा. प्लास्टर गोल डब्यासारखं असून उपयोग नाही, हाताच्या आकाराला चपटं बसलेलं असावं लागतं. त्याचंही माप आहे: मोडलेल्या जागी, बाजूच्या फिल्मवरची प्लास्टरच्या आतली रुंदी भागिले समोरच्या फिल्मवरची रुंदी. ०.८ किंवा त्याहून कमी आलं तर चांगलं. हे मोजायचं काम डॉक्टरांचं, पण प्लास्टर नीट घातलंय की नाही याला आकडा असतो हे मला त्या दिवशी कळलं आणि फार बरं वाटलं.

सूज असताना अनेकदा आधी कच्चं प्लास्टर घालतात, मग आठवड्याने पक्कं.

८. पहिले दोन दिवस

हात उशीवर, छातीच्या वर. पीओपीचं प्लास्टर पूर्ण सुकायला दोन दिवस लागू शकतात. तोवर ते कडक कोपऱ्यावर टेकवू नका, नाहीतर खळगा पडून आत टोचतं.

दर दोन तासांनी खेळ खेळा: दगड, कागद, कात्री, आणि शेवटी अंगठा आणि तर्जनी जोडून गोल, "मस्त!" म्हणताना करतो तो. मूठ, उघडा पंजा, कात्री आणि गोल, या चारांतून हाताच्या तिन्ही मुख्य नसा तपासल्या जातात. मुलाला खेळ वाटतो, तुम्हाला खबर मिळते.

यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता रुग्णालयात जा:

- दुखणं औषधाला न जुमानता वाढतंय
- बोटं हळूच सरळ करतानाही मूल किंचाळतं
- बोटं पांढरी, निळी, थंड किंवा बधिर
- मूल बेचैन आहे, कशानेच शांत होत नाही आणि पुन्हा पुन्हा दुखण्याचं औषध मागतंय

शेवटच्या ओळीला "हट्टीपणा" समजू नका. लहान मुलांना "आतून ताण येतोय" असं सांगता येत नाही. हातातला दाब वाढल्याची खूण बहुधा अशीच दिसते. रुग्णालय लांब असेल तर आधी फोन करा. प्लास्टर सैल करून द्यायला ते कोणालाही, कुठेही सांगू शकतात, आणि हाड पुन्हा बसवता येतं. मेलेला स्नायू परत येत नाही.

९. दुसऱ्या आठवड्याचा एक्स-रे

संपूर्ण लेखातलं एकच कलम वाचायचं असेल तर हे वाचा.

जिथे हाड बसवलं तिथे आम्हाला सांगितलं, "छान बसलंय, आता थेट सहा आठवड्यांनी या." आम्ही पुण्याला परतलो. माझी मावसबहीण फिजिओथेरपिस्ट आहे, ती म्हणाली, "ताई, सूज उतरली की प्लास्टर ढिलं होतं आणि आत हाड सरकतं. पहिले दोन-तीन आठवडे दर आठवड्याला फिल्म हवीच." आठव्या दिवशी फिल्म काढली. बसवल्यावर ४ अंश असलेला बाक १३ झाला होता.

पहिल्या डॉक्टरांचा मला अजून राग आहे. बसवलेलं हाड सरकणं ही कोणाची चूक नसते, ते होतंच. पण सहा आठवड्यांनी बघितलं असतं तर तोवर हाड जुळून गेलं असतं आणि हातात काहीच उरलं नसतं. दोन आठवड्यांच्या आत ते नव्याने बसवता येतं किंवा प्लास्टर बदलून बाक कमी करता येतो. पहिल्या दिवशीचा फोटो त्या दिवसापुरता खरा असतो.

पुण्यात दोन मतं घेतली. एक सर्जन सळयांच्या बाजूचे होते. दुसऱ्यांनी सगळ्या फिल्म ओळीने लावल्या, वय विचारलं, पीळ नाही याची खात्री केली आणि म्हणाले, "साडेसात वर्षं, मनगटाच्या बाजूला, १३ अंश. प्लास्टर बदलतो, पण हात लावत नाही. पुढच्या आठवड्याला १५ च्या वर गेलं तर बोलू." पंधराव्या दिवशी १४ होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. मात्र तिथून पुढे ते हललं नाही.

दर फिल्मला बाकाचा आकडा आणि तारीख वहीत लिहा. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना ते एक पान दहा मिनिटांचं बोलणं वाचवतं.

१०. घरातले सहा आठवडे

मनगटाजवळच्या फ्रॅक्चरला चार ते सहा आठवडे, मधल्या भागाला सहाच्या आसपास. आमचा काळ नेमका पावसाळ्याच्या तोंडावर आला. अंघोळीला प्लास्टिकची पिशवी आणि वर रबर, तोही घट्ट नाही. शाळेच्या रिक्षासाठी मोठ्या मापाचा रेनकोट, हात आत ठेवून. फायबरचं प्लास्टर वरून भिजलं तरी टिकतं, पण आतला कापूस ओलाच राहतो आणि कातडी कुजते. भिजलं की दाखवायचं, उन्हात वाळवत बसायचं नाही.

खाज सुटते. विणकामाची सुई, पट्टी, पेन्सिल आत घालायची नाही. केस वाळवायचं यंत्र थंड हवेवर ठेवून वरून फुंकर द्या. आमच्या बाईसाहेबांनी एक चिंचोका आत टाकला होता. तो प्लास्टर उघडलं तेव्हा सापडला, खाली दंडाला लालभडक वळ घेऊन. मुलाला रोज विचारा, आत काही टाकलंयस का. आणि वास आला तर विचारत बसू नका, सरळ दवाखान्यात जा.

कांडवेलीचा लेप, पायाचं सूप, कॅल्शियमच्या बाटल्या असं सगळं घरात येईल. लेप प्लास्टरच्या आत जाणार नाही एवढं बघा. बाकी नेहमीचं जेवण, दूध, नाचणी, डाळी पुरतात. ड जीवनसत्त्व कमी असेल असं वाटलं तर डॉक्टरांना विचारा, आपल्या मनाने औषध सुरू करू नका.

बोटं आणि खांदा दिवसभर हलते ठेवा. शाळेला पत्र द्या: खेळाचा तास नाही, दप्तर एका खांद्यावर, आणि लिहिता हात मोडला असेल तर तोंडी परीक्षा.

११. प्लास्टर निघतं तेव्हा

प्लास्टर कापायची करवत फिरत नाही, जागच्या जागी थरथरते. कडक वस्तू कापते, कातडी सहसा नाही. आवाज मात्र भयंकर. आधी सांगून ठेवा, कानात हेडफोन घाला.

आतून निघणारा हात बघून दचकाल. बारीक, कोंडा धरलेला, केस जास्त वाढलेले. सगळं जातं. खोबरेल तेल हलक्या हाताने लावा. मालिशवाल्या बाईला बोलावू नका आणि कोपर जोराने ताणू नका. मुलं खेळता खेळताच हात मोकळा करतात. दोन्ही कोपरं कमरेला टेकवून प्रसाद घेताना करतो तसे तळवे उताणे करायला सांगा. मोडलेला हात मागे पडतो का, ते तिथे लगेच कळतं. महिन्याभरात फरक भरून आला नाही तर फिजिओथेरपी.

तोच हात पुन्हा मोडण्याचा धोका पहिल्या सहा महिन्यांत जास्त असतो, विशेषतः ग्रीनस्टिकमध्ये. सायकल, स्केटिंग, कबड्डी कधी सुरू करायची याची तारीख डॉक्टरांकडून लिहून घ्या. आम्हाला तीन महिने सांगितले होते.

चकतीतून गेलेल्या फ्रॅक्चरला सहा महिन्यांनी आणि वर्षाने फिल्म काढून हाड नीट वाढतंय का ते बघतात. आमचं तसं नव्हतं, तरी वर्षाने एक काढली. १४ चे ५ अंश झाले होते. पहिली फिल्म शेजारी लावल्याशिवाय मोडलेली जागा मला सापडेना. लेकीने मात्र बोट ठेवून बरोबर दाखवली.